सहावे महाभूत

पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच महाभूते आमच्या पूर्वजांनी मोजून ठेवली तेव्हा त्यांच्या घरात विजेचे बटण नव्हते. असते तर त्यांनी ही संख्या सहा केली असती, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. वीज तेजातच आली, असे एखादे शास्त्रीबुवा म्हणतील. त्यांनी उन्हाळ्यात यवतमाळास यावे आणि वीज गेल्यावर घरात काय उरते ते पाहावे. निळोणा व चापडोह या धरणांतील पाणी पंपाने उपसावे तेव्हा नळास येते. म्हणजे आप विजेच्या अधीन. कूलर थांबला की वायू असून नसल्यासारखा. गिरणीत दळणाचा डबा तसाच राहतो, आणि मोबाइल विझताच पुण्यास शिकणाऱ्या मुलाचा आकाशमार्गे येणारा शब्दही खुंटतो. शेवटी आलेले हे भूत आधीच्यांचे यजमान होऊन बसले आहे.

मात्र त्या पाचांस वेळापत्रक नाही. यास आहे, आणि ते सर्वांस सारखे नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युतगृह 1915 मध्ये सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांकरिता. खेडोपाडी तारा ओढणारे राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये निघाले. आधी शहर, मग शिवार, हा क्रम तेव्हापासून पडला तो पडलाच.

एकदा पौषात आम्ही दारव्ह्याकडील एका आप्तांकडे मुक्कामास होतो. रात्री एकच्या सुमारास त्यांनी कानटोपी घातली, हाती बॅटरी व काठी घेतली. "एवढ्या थंडीत कुठे निघालात?" आम्ही विचारले. "लाइन आली ना भाऊ! गव्हाले काय सांगू, उद्या ये म्हणून?" असे म्हणून ते ओलितास गेले. वहिनी ते परत येईपर्यंत निजल्या नाहीत. अंधारात ओल्या सरीत साप दिसत नाही, ही गोष्ट त्या घरात कोणी उच्चारली नाही. ठाऊक मात्र सर्वांस होती. आमच्या खोलीत दिवा खुशाल जळत होता.

यास कारण आहे, हे आम्ही जाणतो. वीज निर्माण होते त्याच क्षणी ती खर्चावी लागते. तिचा साठा करणे महाग पडते. रात्री कारखान्यांची व कचेऱ्यांची मागणी उतरते, म्हणून शेताचा वाटा रात्रीकडे ढकलला गेला. हिशेब बिनचूक आहे. पण ज्या कोळशावर वीजघरे चालतात, त्यातील काही आमच्याच जिल्ह्याच्या पोटातून, वणी तालुक्यातील खाणींतून निघतो. ज्या भूमीने इंधन दिले, तिच्याच लेकराने उजेडासाठी झोप मोजावी, हे त्या हिशेबाच्या कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

2017 मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनीची योजना हाती घेतली. तिच्यातील युक्ती साधी आहे: सूर्य दिवसाच तळपतो, तेव्हा त्याची वीज दिवसाच शिवारात जावी. यंत्रे पुढे बदलतील, योजनांची नावेही बदलतील. वीज ही चैन नसून अन्नपाण्याइकीच गरज आहे, हे आता कोणी नाकारीत नाही. तसे असेल तर तारा गावात पोचल्या एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. अन्न वेळेवर मिळावे लागते; मध्यरात्री उठवून वाढलेल्या ताटास आम्ही जेवण म्हणत नाही.