वेशीबाहेर मिळालेलं नाव

चिपळुणात बसून राहिलेल्याला चिपळूणकर कोण म्हणणार? तिथे सगळेच चिपळूणचे. तो घाट चढून देशावर आला, परक्या ओसरीवर टेकला आणि पाण्याचा तांब्या पुढे करत कोणीतरी विचारलं, "कुठले हो तुम्ही?", तेव्हा ते आडनाव त्याला चिकटलं. म्हणून 'कर' लागलेलं आडनाव ऐकलं की मला वेस ओलांडून चालू लागलेला कोणाचा तरी खापरपणजोबा दिसतो. गाव मागे सुटलं आणि नावात येऊन राहिलं.

ही रीत काही आपल्यापुरती नाही. इटलीत लोम्बार्डी, तोस्कानो ही आडनावं त्या त्या प्रांतातून बाहेर पडलेल्यांना मिळाली. हंगेरीत होर्वाथ, नेमेथ ही अगदी घरोघरची आडनावं. पण होर्वाथ म्हणजे क्रोएशियाचा आणि नेमेथ म्हणजे जर्मन. आयर्लंडमधलं वॉल्श हे आडनाव वेल्सहून आलेल्यांचं. कधीकाळी परका म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्याचीच नातवंडं पुढे त्या मातीची झाली.

धंद्यावरून पडलेल्या आडनावांचंही तेच. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, हंगेरीचा कोवाच, रशियाचा कुझ्नेत्सोव, अरबांचा हद्दाद आणि आपला लोहार, सगळे एकाच ऐरणीवर घडलेले. लोहारच इतका सगळीकडे का? गावात नांगर धरणारे शंभर असायचे. त्या नांगराचा फाळ पाजवून देणारा मात्र एखादाच. शंभरांना ज्याची गरज, त्याला त्याच्या कामाने हाक मारणं ओघानेच आलं. आपल्याकडे दप्तरानेही आडनावं दिली. चिटणीस, फडणीस यांतला 'नीस' हा फारसीतला लिहिणारा. नाणी पारखून घेणारा पोतदार. कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, पण टाक आणि दौत दृष्टीलाही न पडलेली मुलं अजून ते आडनाव लावतात.

या साऱ्यांत मला फार जवळची वाटतात ती बेने इस्राएल या आपल्याकडच्या ज्यू समाजाची आडनावं. फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागली, असं हा समाज पिढ्यान् पिढ्या सांगत आला. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या खेड्यांत ही माणसं तेलाचे घाणे चालवू लागली. शब्बाथ हा विश्रांतीचा वार पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद; त्यावरून आसपासच्या लोकांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आणि ज्या ज्या गावी ती वसली, त्या गावांची आडनावं त्यांनी लावली: पेणच्यांनी पेणकर, किहीमच्यांनी किहीमकर, रोह्याच्यांनी रोहेकर. त्यांच्या दफनभूमीत थडग्यांवर हिब्रू आणि मराठी एकत्र कोरलेली आढळते. वर प्रार्थनेची भाषा, खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांची. पुढे इस्राएल उभं राहिल्यावर यांतली कितीतरी कुटुंबं तिकडे गेली. ज्या भूमीची आस धर्माने लावली तिथे पोहोचतानाही, नावातलं रायगड जिल्ह्यातलं खेडं अनेकांनी सोडलं नाही. आश्रय देणाऱ्या मातीची याहून मोठी आठवण कोणी ठेवली असेल, असं मला वाटत नाही.

काही देशांत मात्र आडनाव सरकारी हुकमाने आलं. जपानमध्ये १८७५ साली ते सर्वांना सक्तीचं झालं. तिथे तानाका म्हणजे भातशेताच्या मधोमध आणि यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी. ऐकता ऐकता अख्खं शिवार डोळ्यांपुढे येतं. तुर्कस्तानात १९३४च्या कायद्याने घरोघरी आडनाव ठरवावं लागलं. आइसलंडमध्ये मात्र आजही बहुतेकांना घराण्याचं आडनाव नसतं. वडिलांच्या किंवा आईच्या नावाला मुलासाठी 'सोन', मुलीसाठी 'दोत्तिर' जोडलं की झालं. दर पिढीला नाव नव्याने पालवतं.

आडनावाने दुखावलेली माणसंही आपल्यात कमी नाहीत. आडनाव ऐकताच समोरच्याची जात हुडकणारी नजर आपल्या समाजात आहे, आणि तिने किती दारं बंद केली त्याला गणती नाही. सकपाळ घराण्यातल्या एका मुलाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे या मूळ गावावरून आडनाव लागलं आणि पुढे आंबेडकर हे नाव कोट्यवधींच्या स्वाभिमानाचं नाव झालं. बायकांचं तर माहेरचं आडनाव लग्नाच्या मांडवातच सुटायचं. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली निर्णय घेतला, त्यानुसार ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं, मग वडिलांचं नाव येतं. उशिरा का होईना, आई त्या ओळीत आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आडनाव आपण अभिमानाने मिरवतो, कुळाचा वारसा म्हणून जपतो. पण ते पहिल्यांदा उच्चारलं बहुधा शेजाऱ्याने, यजमानाने, नाहीतर नव्या गावातल्या दुकानदाराने. कोणीतरी आपल्या पूर्वजाला विचारलं, ऐकून घेतलं आणि त्याच्या गावासकट त्याला आपल्यात बसवून घेतलं. आज आपल्या शहरांत रोज कोणीतरी दूरचं गाव मागे टाकून उतरतं. त्याला "कुठले तुम्ही?" असं विचारताना आपल्या सुरात संशय नको, त्या जुन्या ओसरीवरची आपुलकी हवी. तेवढं देणं प्रत्येक 'कर'वाल्याच्या अंगावर आहे.