दार आतूनच उघडतं

महिनाभर झाला, पुण्यात मुलाकडे आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं. परवा डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली, आणि पहिली आठवण झाली ती दिंडोरीच्या घरातल्या कॉम्प्युटरची. हिनं आयुष्यभर जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत. हिला जाऊन सहा वर्षं झाली. ओव्या पेनड्राइव्हवर आणल्या होत्या, पण त्या टाइप केल्यात जुन्या फाँटात. इथे उघडल्या तर नुसती चित्रविचित्र चिन्हं! वाचायच्या तर तोच कॉम्प्युटर हवा.

नातू म्हणाला, "आबा, तो इथूनच चालवता येईल. पण सरळ जोडता येणार नाही. तुमच्या घराला पत्ता नाही."

इतकी वर्षं पोस्टमन घरी येतोय आणि म्हणे मला पत्ता नाही! मग त्यानं समजावून सांगितलं. इंटरनेटवर कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळे मिळून सुमारे 429 कोटी. ते वाटणाऱ्या मुख्य संस्थेकडचा साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. म्हणून बऱ्याच कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देतात. एखादा जुना वाडाच म्हणा ना. आतून कुणी बाहेर निरोप धाडला, तर त्याचं उत्तर बरोबर त्याच्याच खोलीत येतं, कारण दारावरचा माणूस नोंद ठेवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आला, तर त्याला कुठल्या खोलीत सोडायचं हे दारावरच्याला ठाऊक नसतं. तो परत पाठवतो.

"मग रे?"

"दोन्हीकडून बाहेर फोन करायचा, आबा. मध्ये तिसरा कॉम्प्युटर असतो, तो दोघांची गाठ घालून देतो."

मला हसूच आलं. 1993 साली याचा बाप पुण्यात होस्टेलवर होता. ना आमच्या घरी फोन, ना त्याच्या खोलीत. नाशिकच्या मावशींकडे मात्र होता. रविवारी रात्री मी एसटीडी बूथवरून त्यांना निरोप सांगायचो, थोड्या वेळानं तो फोन करून घ्यायचा. त्याची आजी अंथरुणाला खिळल्याची बातमी अशीच गेली. फक्त, मावशींना आमच्या घरातलं सगळं कळायचं!

नव्या व्यवस्थेत मधल्याला ऐकू जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना मजकूर कुलूपबंद करतात, असं नातू म्हणाला. तरीही मी बिचकत होतो. कारण सांगतो. गेल्या वर्षी 'बँकेतून बोलतोय' असा फोन आला होता. एक ॲप घ्यायला लावलं, मग म्हणाला, त्यावरचे नऊ आकडे वाचा. माझे सहा वाचून झाले आणि दूधवाल्यानं बेल वाजवली, म्हणून वाचलो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच अशा ॲपबद्दल सावध केलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे साधन तेच. आतून दार कोण उघडतंय आणि कुणासाठी, एवढाच फरक.

शेवटी दिंडोरीत दार उघडलं ते शेजारच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं. घराची किल्ली तिच्याकडेच असते. नातू फोनवरून सांगत गेला, ती करत गेली. प्रोग्राम टाकला, लांबलचक पासवर्ड ठेवला, शिवाय दर वेळी माझ्या मोबाइलवर वेगळा आकडा येईल अशी सोय केली. कॉम्प्युटरनं मध्येच झोपू नये, आणि वीज जाऊन आली की आपोआप सुरू व्हावं, हेही लावलं. दिंडोरीत विजेचा भरवसा कुणी द्यावा! "सर, झालं का?" तिनं विचारलं. एकेकाळी हाच प्रश्न मी तिला विचारत असे.

झालं होतं. पडद्यावर माझं टेबल आल्यासारखं वाटलं. हिची फाइल हळूहळू उघडली. हिच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका जागच्या जागी होत्या. मास्तर असूनही मी त्या कधी दुरुस्त केल्या नाहीत.

असो. आता रोज तासभर बसून त्या ओव्या युनिकोडमध्ये घेतोय. तो कॉम्प्युटर तरी किती दिवस पुरणार? मग त्या वाचायला कुणाला माझ्या घरात शिरावं लागणार नाही. चुका मात्र तशाच ठेवणार आहे.