शनिवार तेल्यांच्या मुलखात

आंबेगाव-जुन्नरकडच्या माणसाची ज्यूंशी पहिली गाठ पडते ती आजारपणात. मंचरच्या नाहीतर नारायणगावच्या डॉक्टरांनी हात टेकले की शब्द येतो, ‘ससूनला हलवा.’ गाडी ठरते, कोणी पैशांची जुळवाजुळव करतं, कोणी पेशंटच्या उशाशी बसतं. ससून हे एका माणसाचं आडनाव आहे आणि तो बगदादहून मुंबईला आलेला ज्यू व्यापारी होता, हे त्या धांदलीत कोणाला सुचणार?

पेठहून अलिबागला निघालो तेव्हा वाटेत पुण्याला उतरून आधी त्या डेव्हिड ससूनच्या दारी गेलो. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. तो १८६४ मध्ये पुण्यातच वारला. देऊळ पुरं झालं १८६७ मध्ये. लाल विटा, टोकदार कमानी, उंच मनोरा. लांबून बघणारा हे चर्चच आहे म्हणेल. साहेबाच्या काळातल्या लष्करी कॅम्पात, आजूबाजूला चर्चेस असताना, ज्यूंचं प्रार्थनाघरही त्याच वळणाचं उभं राहिलं आणि पुणेकरांनी त्याला देऊळ म्हणून टाकलं. तिघांचाही मान राहिला. हल्ली फाटकावर पोलीस असतो आणि आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. मुंबईत २००८ मध्ये नरीमन हाउसवर जे झालं त्यानंतर ही चौकशी कोणाला जाचक वाटू नये.

मला मात्र जायचं होतं बेने इस्राएलांच्या मुलखात. ससून मंडळी बगदादी. अरबी बोलत आली, इंग्रजीत रुळली आणि त्यांच्यातली बरीचशी पुढे इंग्लंडला गेली. बेने इस्राएल कोकणातले. घरात मराठी, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, आडनावाच्या शेवटी ‘कर’. किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवतो ना? ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मूळ चौलकडचे.

पुण्यातही ही मंडळी आली. रास्ता पेठेतलं त्यांचं सिनेगॉग १९२१ चं. पण पुण्यातली त्यांची मला सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक पुस्तक. वल्हांडणाच्या रात्री इजिप्तमधून सुटकेची कथा वाचायची पोथी, हगादा, १८७४ मध्ये पुण्यात शिळाप्रेसवर छापली गेली. हिब्रू आणि शेजारी मराठी. तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क साड्या नेसलेल्या आहेत. फारोच्या तावडीतून सुटलेल्यांची आठवण, आणि स्वयंपाकघर आपलं.

स्वारगेटहून एसटी धरली. खोपोलीला घाट उतरला की हवा बदलते, अंगाला चिकटते. जुन्नरकडच्या माणसाला कोकण परकं नाही. कल्याण, सोपारा, चौल ह्या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवरून देशावर चढत होता. आमच्याकडची त्याची वाट नाणेघाटाची. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण घाटात आजही आहे आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. समुद्रापलीकडची माणसं इकडे पोचत होती, एवढं त्यातून पक्कं. बेने इस्राएलांची कथाही समुद्रातूनच येते: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं गावकऱ्यांनी तिथेच पुरली. कधी? त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेतात. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे त्यांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वाटा आहे आणि इथल्या लोकांचाही, आणि ही सरमिसळ साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची. गलबताचं साल त्यातून निघत नाही. कथा मात्र निम्मी खरी ठरते, आणि दंतकथेला एवढे गुण पुष्कळ झाले.

अलिबागला स्टँडवर रिक्षावाल्याला ‘सिनेगॉग’ म्हटलं तर तो क्षणभर बघत राहिला. ‘इस्राएल आळी’ म्हणताच मीटर न टाकता निघाला. मागेन आबोथ हे इथलं सिनेगॉग १८४८ मध्ये स्थापन झालं, आजची इमारत १९१० ची. आळीतल्या घरांमध्ये ते इतकं मिसळून गेलंय की दारावरची सहा टोकांची चांदणी दिसली नसती तर पुढे गेलो असतो. आत मधोमध कठड्याचा लाकडी चौथरा, समोर पडद्याआड तोऱ्हाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, वर बायकांसाठी सज्जा. भिंतीकडेला एक खुर्ची रिकामी. ही एलियाहू संदेष्ट्याची. सुंतेच्या वेळी तो अदृश्यपणे येऊन तिच्यावर बसतो अशी श्रद्धा. देखरेख करणारे आजोबा डोक्यावर टोपी घाला म्हणाले, मग स्वतःच एक आणून दिली. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, “दहा जमवायला आता फोन करावे लागतात.”

स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज देशभरात २० हजारांच्या आसपास होता. आता चार-पाच हजार, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. बाकीचे इस्राएलमध्ये. ‘त्यांना इथे कधी कोणी त्रास दिला नाही’ असं आपण छाती फुगवून सांगतो. ते खरंही आहे. पण त्रास न देणं हे काही फार मोठं आदरातिथ्य नव्हे. शेजारी कोण, काय खातो, शनिवारी दार का लावून बसतो, हे विचारायचे कष्टही आपण फारसे घेतले नाहीत.

शनिवारचं दार हीच त्यांची जुनी ओळख. कुलाबा जिल्ह्यात हे लोक तेलाचे घाणे चालवत. सोमवारी बैल सोडणारे ते सोमवार तेली, शनिवारी सोडणारे हे शनिवार तेली. गावाच्या लेखी एवढाच फरक. हिब्रू विसरलेले, पोथी नाही, गुरू नाही. राहिलं होतं काय? शनिवार, सुंता, एक ‘शेमा’ची प्रार्थना आणि काही सणवार, तेही नव्याचा सण, खिरीचा सण अशा आपल्याच नावांनी. त्यांच्यात सांगतात ती डेव्हिड राहाबीची गोष्ट मला फार आवडते. हा परदेशी ज्यू कोकणात आला, लोकांना पाहून त्याला शंका आली. त्याने बायकांना मासळीची मिसळ टोपली दिली आणि शिजवा म्हणाला. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी एकीकडे घेतली, बाकीची बाजूला सारली. राहाबीला खूण पटली. अलिबागच्या बाजारात उभं राहून ही परीक्षा मी मनातल्या मनात घेतली: बोय, रावस चालतील, मुशी, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी बाद. म्हणजे कोकणच्या ताटातली निम्मी चैन गेली की! पिढ्यान् पिढ्या ह्या किनाऱ्यावर राहून ज्यांनी कोळंबी खाल्ली नाही, त्यांच्या निष्ठेबद्दल मला वेगळा पुरावा नको. मटणात दुधा-दह्याच्या जागी नारळाचं दूध, हाही धर्मच, आणि कोकणात तो पाळायला सोपा.

पोथ्या पुढे आल्या त्या कोणाकडून, तर ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि कोकणात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनच्या शाळा निघाल्या, त्यांत बेने इस्राएलांची मुलं आणि मुली भरती झाल्या. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीवर आहे, त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, १८३२ मध्ये. बायबलचा जुना करार मराठीत मिळू लागला. हेतू उघड होता: आधी मोशे समजला की मग येशू समजेल. झालं उलटंच. बाप्तिस्मा घेणारे फार थोडे निघाले. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं, जुना करार घेतला, आभार मानले आणि आपल्या सिनेगॉगमध्ये जाऊन बसले. मिशनच्या हिशेबवहीत हे खातं बुडीत दाखवलं असेल, पण किहीमकरांसारख्या माणसाने ह्या शिक्षणाचं ऋण मोकळेपणी मान्य केलं आहे.

नवगावचं कबरस्थान समुद्राजवळ, झाडीत आहे. गलबताच्या कथेचं स्मारक तिथे उभारलंय. त्याच्यापेक्षा मी बाजूच्या कबरींपाशी जास्त रेंगाळलो. सगळ्यात जुन्या म्हणून दाखवतात तिथे अक्षरच नाही, नुसते दगड. अक्षर यायचं होतं अजून. पुढच्या काळातल्या एका शिळेवर वरच्या ओळी हिब्रू, उजवीकडून डावीकडे; खालच्या बाळबोध, डावीकडून उजवीकडे. पाथरवटाने हिब्रूचा प्रत्येक वर्ण जपून, चौकटीत मावेल असा कोरलाय; मराठीत मात्र हात सैल सुटलाय, शेवटचा ‘कर’ कडेला दाटून बसलाय.

तिथून खंडाळ्याला. आपलं घाटातलं नव्हे, अलिबाग-पेण रस्त्यावरचं. इथल्या खडकावर खळगे आणि चरे आहेत. एलियाहू अग्निरथातून स्वर्गात गेला तो इथूनच, हे त्याच्या घोड्यांच्या टापांचे आणि चाकांचे ठसे, असं बेने इस्राएल मानतात. जानेवारी-फेब्रुवारीत झाडांच्या सणाला इथे जमून मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, सुका मेवा, सोबत फळं. ह्या जमण्याला ते म्हणत आले ‘एलियाहू हानाबीचा उरूस’. जगातल्या इतर ज्यूंना मलिदा ठाऊक नाही. मग ह्या लोकांचं ज्यूपण इस्राएलच्या धर्मपीठाला खटकलं तर नवल काय? १९६० नंतर त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी करा असे आदेश निघाले. कोळंबी न खाता काढलेली सगळी शतकं जणू हिशेबातच नव्हती. मंडळी जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारला आणि संसदेला सांगावं लागलं की हे पूर्ण ज्यू आहेत. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली ती २०१६ मध्ये. म्हणजे दोन्ही घरी कागद उशिराच मिळाले.

रेवदंड्यालाही सिनेगॉग आहे, गावाभोवती पोर्तुगीज तटबंदीचे अवशेष आहेत. हा किल्ला १७४० मध्ये मराठ्यांकडे येईपर्यंत पोर्तुगीजांचा होता. त्याच पोर्तुगीजांच्या गोव्यात गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य होता, जन्माने ज्यू घराण्यातला, वरकरणी ख्रिस्ती. तो मेल्यावर धर्मसभेने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडताना हे आठवतं, कारण पलीकडे कोर्लई आहे. ह्या कॅथलिक गावात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली आजही हजारभर माणसं बोलतात. एक बाई अंगणात सुकट पसरत होती. पोराला तिने त्या बोलीत काहीतरी सुनावलं आणि माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाली, “चर्च सरळ गेल्यावर.” चर्च माउंट कार्मेलच्या मातेचं. कार्मेलचा डोंगर तर एलियाहूचा; बायबलात त्याने आकाशातून अग्नी उतरवला तो तिथेच. खाडीच्या अलीकडे त्याचे टापांचे ठसे, पलीकडे त्याच्या डोंगराचं नाव, आणि दोन्हीकडे आडनाव बाजूला ठेवलं तर माणसं सारखीच मासळीच्या भावावर हुज्जत घालणारी. कोर्लईकर राहिले, कारण लिस्बनहून त्यांना कोणी हाक मारली नाही. बेने इस्राएलांना १९४८ नंतर एक देश बोलावत होता; त्यात मुंबईच्या नोकऱ्यांनी गावं आधीच निम्मी रिकामी केली होती.

परतताना रिक्षावाल्याने सांगितलं की थंडीत इस्राएलहून पाहुणे येतात, म्हातारे मराठीत बोलतात, नातवंडं फोनवर फोटो काढतात. नवगाव, खंडाळे, मग आळीतलं सिनेगॉग, हा क्रम त्याला पाठ. “उरुसाला या तुम्ही,” तो म्हणाला, “पोहे मात्र पेणहून आणा. ते लोक दुसरे घेत नाहीत.”