याडीची पेटी

आळंद तालुक्यातल्या एका लमाण तांड्यावरची ती बाई. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही म्हणू लागलो.

1998 साली मी भालकीहून उदगीरमार्गे पुण्याला आलो. (1956पर्यंत उदगीर आमच्याच बिदर जिल्ह्यात होतं, माझ्या आजोबांनी मधली हद्द कधी मानलीच नाही.) कॉलेजात नाव घातलं होतं, पण ज्या नातेवाइकाच्या भरवशावर आलो, त्यानं चौथ्या दिवशी माझी वळकटी दाराबाहेर ठेवली. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर ओळखीची कानडी कानावर पडली आणि माझे पाय तिकडे वळले. याडी बिगारी काम करायची. तिनं फार विचारलं नाही. "चल बेटा," एवढंच म्हणाली.

बांधकामावरच्या तिच्या पत्र्याच्या खोलीत आधीच पाच माणसं होती. तिनं चूल बाहेर काढली आणि तेवढ्या जागेत माझं अंथरूण पडलं. तो पावसाळाभर ती प्लास्टिकच्या गोणीची खोळ घेऊन, ओल्या सरपणावर भाकरी भाजत राहिली. मी आत कोरडा होतो.

एका रात्री तिनं पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, नातवाचा शाळेचा दाखला, उचलीची चिठ्ठी, सगळं कानडीत. दाखला वाचता येत नाही म्हणून शाळेनं पोराला परत पाठवलं होतं. मी वहीच्या पानावर त्याचं मराठी करून दिलं आणि पोराला प्रवेश मिळाला. दुसऱ्या संध्याकाळी खोलीपुढे अकरा माणसं कागद घेऊन बसली होती. संस्था, नोंदणी, लेटरहेड हे सगळं पुढचं. माझं काम त्या ओळीपासून सुरू झालं.

कायदा मी नंतर शिकलो. स्थलांतरित मजुरांच्या 1979च्या कायद्यात ठेकेदारानं मजुराला फोटोसह पासबुक द्यावं, तेही त्याच्या भाषेत, असं स्पष्ट लिहिलं होतं. मला ते कुणाच्या पेटीत सापडलं नाही. मुंबईच्या फुटपाथवासीयांचा 1985चा ओल्गा टेलिस निकालही वाचला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानं उपजीविकेला जगण्याच्या हक्कात धरलं, झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार मात्र शाबूत ठेवला. त्यात सेलमहून आलेल्या भूमिहीन मजुराची हकीकत आहे. ती वाचताना मला बाहेर काढलेली चूल दिसत होती.

2020च्या टाळेबंदीत फोन थांबत नव्हते. कोण कुठल्या साइटवर अडकलंय, याच्या याद्या करताना तिनंच मला तांड्यांची नावं तोंडपाठ सांगितली.

तिचा स्वतःचा तांडा मात्र महसुली दप्तरात गाव म्हणून नव्हताच. 19 जानेवारी 2023ला मळखेडला, राष्ट्रकूटांच्या जुन्या राजधानीत, पंतप्रधानांच्या हस्ते हक्कपत्रवाटप झालं. कलबुर्गी, बिदर, यादगीर, रायचूर, विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीड हजार वस्त्या महसुली गावं ठरल्या. काही महिन्यांनी याडीचा निरोप आला : कागद वाचायला ये.

आता तिला फार कमी दिसतं. तिनं मला चुलीजवळ बसवलं, आधी जेवू घातलं, मग पेटी उघडली. मी घराच्या हद्दी वाचू लागलो. पूर्वेला रस्ता, म्हटल्यावर ती काठी टेकत उठली आणि रस्त्यापर्यंत गेली.

"हं," ती तिथूनच म्हणाली, "आता दक्षिणेकडची वाच."