दोन थरांच्या मधलं धुणं



फेब्रुवारीत आमच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. कारागीर म्हणाला, पहिले सात दिवस पाणी लावू नका, आणि पावसाळ्याआधी, जूनच्या सुरुवातीला, देखभालीचा दुसरा थर द्यायला गाडी आणा. मधल्या काळात नीट धुवा म्हणजे झालं. "नीट म्हणजे कशी?" मी विचारलं, तर तो उत्तर यांच्याकडे बघून देऊ लागला. आमच्याकडे गाडी कोण धुतं हे त्याला काय ठाऊक!

त्याच महिन्यात धुळ्याला माझी आई मोरीत घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठणं-बसणं दुसऱ्याच्या हातावर. वहिनी एकटी किती करणार? म्हणून दर गुरुवारी मी जळगावहून निघायची. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. ९०-९५ किलोमीटरचा रस्ता. दुपारी घरचं आटोपून जायचं आणि रात्री परत यायचं.

पहिल्या गुरुवारनंतर सकाळी गाडीसमोर उभी राहिले आणि पोटात कालवलं. दिव्यांवर झेपावलेले किडे, पाखरं बंपरवर, बॉनेटवर, नंबरप्लेटवर चिकटून वाळलेली. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात न घालणारी मी, आणि माझ्या गाडीच्या नाकावर एवढे जीव! ते डोळ्यांसमोर नको म्हणून घाईने भांड्यांची घासणी घेतली आणि खसाखसा घासलं. डाग गेले, पण उन्हात बघितलं तर बॉनेटच्या टोकाला बारीक ओरखड्यांचं जाळं.

संध्याकाळी यांनी ते पाहिलं. "दर आठवड्याला धुळं, धुळं! नव्या गाडीची पार माती केली." एवढंच बोलले. बोलणं गाडीवरून होतं, पण लागलं माहेराला. मी काही बोलले नाही. दोन दिवस घरात फक्त "जेवायला वाढू का?" एवढाच संवाद.

मग मी त्या कारागिराला फोन केला आणि नीट विचारून घेतलं. तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून सांगते.

गाडी सकाळी लवकर, सावलीत, पत्रा थंड असताना धुवायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडता पडता वाळतं आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार पांढरे ठिपके होऊन बसतो. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची. धुळीत वाळूचे कण असतात. त्यावर फडकं फिरवलं की तेच कण रंग खरवडतात. बादल्या दोन: एकीत गाडीचा सौम्य शांपू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शांपूत बुडवायचं. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण अजिबात नको, त्याने वरचं संरक्षण उतरतं. आणि किड्यांचे डाग घासायचे नाहीत. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, ते आपोआप सुटतात. मात्र दिवसेंदिवस तसेच ठेवले, तर उन्हात रंगावर कायमचे उमटतात.

पाइप मी बंदच केला. तीन बादल्यांत गाडी होते. पाणी आईने शिकवल्याप्रमाणे दुहेरी सुती गळण्यातून गाळून घेते. गाळणं जीवांसाठी, पण टाकीच्या तळाची बारीक रेतीही त्यातच अडकते आणि रंग वाचतो. आणि शेवटी गाडी कोरडी पुसायची, तशीच वाळू द्यायची नाही.

पुसायच्या फडक्याची एक गोष्ट. पूर्वी गाडी धुणारा मुलगा एक पिवळं मऊ फडकं ठेवून गेला होता. ते कापड नव्हे, मेंढीचं कमावलेलं कातडं आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं! आता मायक्रोफायबर वापरते. पॉलिशच्या डब्यावरही वाचून बघा. काही मेणांमध्ये मधमाश्यांचं मेण असतं. कार्नौबा मेण मात्र ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं असतं, ते चालतं.

हे सगळं मी आईला सांगत होते. ती पडल्या पडल्या ऐकत होती. म्हणाली, "बाई, धुण्याचं एवढं शिकलीस, पण अंधाराची निघतेसच कशाला? दिवे लागायच्या आत घरी पोहोचत जा." इतकं साधं, आणि मला सुचलं नव्हतं! पुढच्या गुरुवारपासून पहाटे घरचं आवरून सूर्य उगवल्यावर निघू लागले आणि दिवस मावळायच्या आत परत. धूळ तेवढीच बसायची, पण किडे मोजके. कोटिंगने रंग वाचतो, जीव वाचत नाहीत.

जूनच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या थराआधीचं धुणं होतं. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण खाली जे राहील ते नव्या थराखाली कोंडलं जातं, आणि मळक्या पत्र्यावर थर धरतही नाही. हे स्वतःहून बादली घेऊन आले. टपावर पाण्याचे मोत्यांसारखे थेंब उभे राहिले; बॉनेटच्या टोकाला मात्र पाणी पसरलं. तिथलं कोटिंग माझ्या घासणीनेच गेलं होतं. यांनी ओरखड्यांवर अंगठा फिरवला.

"पॉलिशने जातील," मी म्हणाले. "पण वरची पारदर्शक वार्निश केसाहूनही पातळ असते. थोडी झिजेल."

हे फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी धुळ्याचं नाव घेऊन बोललो ते चुकलं. संवत्सरीपर्यंत थांबत नाही. मिच्छामि दुक्कडं."

मीही म्हटलं. घासणीसाठी, आणि त्या दोन दिवसांच्या अबोल्यासाठी.

दुकानात गुरुवारची वेळ मिळत होती. यांनी फोन करून सोमवारची घेतली. "गुरुवारी गाडी लागेल," त्यांना सांगितलं. आई आता वॉकर धरून चालते. पावसाळाभर तिला आमच्याकडे आणायचं ठरलंय, आणि या वेळी गाडी हे चालवणार आहेत. निघायचं पहाटेच.