नंबर लावून ठेवा

गॅस संपला की आमच्या घरात अजून तोच प्रश्न येतो, ‘नंबर लावला का?’ खरं तर लावायला आता काही उरलेलं नाही. मोबाइलवरून एक मिस्ड कॉल दिला की काम झालं. सिलिंडर दारात येतो आणि आणणारा ओटीपी विचारतो. पण ‘गॅस बुक केला’ असं म्हणणाऱ्या आमच्याच मुलांना घरातली मोठी माणसं पुन्हा विचारतात, ‘म्हणजे नंबर लावलास ना?’ नंबर लावल्याशिवाय कुठलीही वस्तू मिळते, यावर त्या पिढीचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

तो बसावा तरी कसा? नव्या गॅस कनेक्शनसाठी अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं विसरून जायचं, असा तो काळ. खासदारांना गॅसच्या आणि टेलिफोनच्या कनेक्शनचा कोटा असायचा. त्यामुळे कुणाच्या मेव्हण्याची दिल्लीपर्यंत ओळख आहे, ही माहिती गल्लीत सगळ्यांना असे. बजाजची चेतक 1972 साली आली. कारखाना इथेच, आकुर्डीला, पण स्कूटर किती बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं. मग नंबर यायला आठ-दहा वर्षं लागली, तरी कुणी त्याला अन्याय म्हणत नसे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला एकाएकी मान चढे. स्थळ पाहताना ‘मुलाचा चेतकला नंबर लागलेला आहे’ हे वाक्य पगाराच्या आकड्यानंतर लगेच यायचं. स्कूटर नव्हे, नुसता नंबर!

हा इंग्रजी शब्द आपण मोजण्यापुरता घेतला आणि मग त्याला भलत्याच कामांना जुंपलं. आपल्याकडे नंबर लावतात, धरतात, सोडतात, मोडतात, एखाद्याचा काटतातही. ‘क्रमांक’ बिचारा सरकारी कागदावरच राहिला. बैठक क्रमांक, जावक क्रमांक. नळावर उभं राहून ‘माझा क्रमांक धरा हो’ म्हणणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

रेशनच्या दुकानापुढची रॉकेलची रांग आठवून पाहा. रांगेत माणसं जवळजवळ नसतच. कॅन असत. निळे, पिवळे, काही तेलाचे जुने पत्र्याचे डबे, आणि कडेच्या कॅनच्या मुठीतून ओवलेली सुतळी, म्हणजे मधे कुणी घुसायला नको. ज्याचा कॅन घरी राहिला त्याची वीट असे, नाहीतर चपलेचा एक पाय. त्या चपलेला माणसाचे सगळे हक्क होते. ती सरकवली की भांडण व्हायचं. माणसं समोरच्या ओट्यावर सावलीत बसून असायची. ‘दूध तापत ठेवलंय, आलेच’ म्हणून एखादी निघाली, की मागची तिचा नंबर धरायची. टँकर आला की आपला कॅन एक हात पुढे न्यायचा आणि तिचा दोन हात. यात उपकार वगैरे काही नव्हतं, उद्या उलट व्हायचंच होतं. गिरणीतही तेच. ‘ज्वारीवर गहू टाकू नका, माझा नंबर मागे घ्या’ म्हणत लोक आपणहून मागे सरत.

फार गोड करून सांगण्यात मात्र अर्थ नाही. दुकानदाराच्या ओळखीचा कॅन मागच्या दाराने भरला जायचा आणि ते सगळ्यांना दिसायचं. बायकांच्या आयुष्यातल्या कितीतरी दुपारी त्या ओट्यावर गेल्या. ती रांग परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. ‘नंबर धरा’ असं हक्काने सांगता येणारा माणूस पुढे-मागे उभा असायचा, तेवढं मात्र वाटतं.

टेलिफोनचा नंबर तर दोनदा लागायचा. एकदा कनेक्शनचा, आणि मग रोज फिरवलेला. ट्रंक कॉल बुक करून ‘नंबर लागला की देते’ असं पलीकडून ऐकायचं आणि जेवायला बसायचं. घाई असेल तर अर्जंट, आणि कुणी गेलं-बिलं असेल तर लाइटनिंग. त्याचे पैसे ऐकूनच छाती दडपायची. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या पत्रिकेवर नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ छापलेलं असे. म्हणजे शेजारच्यांचा फोन. तो आला की खिडकीतून हाक जायची आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओले हात पदराला पुसत धावत यायचं. क्रोशाच्या रुमालाखालचा तो काळा फोन, डायलला बारकं कुलूप, आणि आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत टीव्हीचा आवाज हळूच कमी करणारं यजमान कुटुंब. त्या कुलपाचा उपयोग फारसा नव्हता. हुकावर टकटक करून नंबर लावणारी पोरं घरोघर होती.

आता नंबर माणसाला चिकटून असतो. मोबाइलचे दहा आकडे गाव बदललं तरी तेच राहतात, आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर कंपनी बदलली तरी तेच. आधारचा पहिला बारा आकडी नंबर 29 सप्टेंबर 2010 रोजी दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. हा नंबर कुणाला धरायला देता येत नाही. उलट ओटीपीचे आकडे कुणालाही सांगू नका, असं बँक दर मेसेजमध्ये बजावते. राँग नंबरवाल्याशी चार शब्द बोलायची पद्धत होती, तीही गेली. अनोळखी नंबर आता उचललाच जात नाही.

भाषेत मात्र या शब्दाचा जोर ओसरलेला नाही. पोरं जेवणाला, गाण्याला, एखाद्याच्या शर्टाला ‘एक नंबर!’ म्हणतात. त्यालाच ‘चा’ जोडून ‘एक नंबरचा’ म्हटलं की पुढे लबाड, चोर किंवा आळशीच येणार, गुणी माणूस येणार नाही. घर घेताना एक नंबरचे किती आणि दोन नंबरचे किती, हे दबक्या आवाजात ठरायचं, आणि 2016 च्या नोटाबंदीनंतरही कुणाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गाडीसाठी जास्तीचे पैसे भरून 4141 घ्यायचा आणि तो अशा वळणाने रंगवायचा की लांबून ‘दादा’ वाचलं जावं, ही तर खास आपली कला.

जुना नंबर अजून बघायचा असेल तर रविवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात जावं. टोकन नाही, वही नाही. आत डोकावून विचारायचं, ‘किती नंबर आहेत?’ बाकावर पाच जण बसलेले दिसत असतात आणि तो आरशातूनच सांगतो, ‘दोनच. हे दाढीवाले आहेत, तो पोरगा पेपर वाचायला आलाय.’ कोण कुणाच्या आधी आला हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि चहाला गेलेल्याचा नंबर शेजारचा धरतो. मग आपण खुर्चीत बसतो, गळ्याभोवती कापड आवळलं जातं, आणि तो मशीन हातात घेऊन विचारतो, ‘बोला, कितीचा नंबर लावू?’