आज्ञावलीची परीक्षा

परीक्षा या शब्दाशीं आम्हां विद्यार्थ्यांचें नातें फारसें जिव्हाळ्याचें नाहीं. मार्च महिना जवळ आला कीं खेळ सुटतो, झोंप उडते, आणि घरांत जो तो आपणांकडेच पाहत आहे असें वाटूं लागतें. परंतु गेल्या वर्षीं मला परीक्षार्थी न होतां परीक्षक होण्याचा योग आला, आणि परीक्षेकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली. ज्याची परीक्षा मीं घेतली तो कोणी मनुष्य नव्हता. ती संगणकाची एक आज्ञावली होती. तो अनुभव शाळेंतील बंधुभगिनींना व पालकांना सांगावा, या हेतूनें हा अल्पसा लेख लिहीत आहें.

आमच्या शिरोड्यांत, आमच्याच वाडींत, स्त्रियांचा एक बचत गट आहे. दरमहा थोडीथोडी रक्कम जमवावयाची आणि ज्या भगिनीस गरज असेल तिला ती अल्प व्याजानें द्यावयाची, हा त्याचा क्रम. हिशेबाची वही माझी आई ठेवते. व्याज काढण्यासाठीं गटाला ‘सी’ भाषेंत लिहिलेली एक लहानशी आज्ञावली बाहेरून मिळाली होती. मुद्दल, दर व दिवस सांगावे, कीं व्याज पडद्यावर उमटे. कर्जें पांच-दहा हजारांचीं असत व उत्तरें वहीशीं बरोबर जुळत. पुढें शेजारच्या काकींनीं काजूच्या धंद्यासाठीं साठ हजार रुपये उचलले. दर वर्षाला शेंकडा बारा. तीस दिवसांनीं त्या व्याज विचारावयास आल्या, तों पडद्यावर आंकडा उमटला, उणें ५८४ रुपये ९२ पैसे! “झिला, माझा व्याज उलटा कित्याक?” काकींनीं मला विचारलें. गटाचे पैसे घेऊन वर गटानेंच व्याज द्यावयाचें, या कल्पनेचें त्यांना हंसूं आलें. आई मात्र हंसली नाहीं. तिनें वहींत आंकडेमोड केली. खरें व्याज ५९१ रुपये ७८ पैसे निघालें. मग ती म्हणाली, “ही चूक डोळ्यांना दिसली म्हणून कळली. न दिसणारी एखादी झाली, तर ती कोण शोधणार? गट पैशावर चालत नाहीं रे, विश्वासावर चालतो.”

ते शब्द माझ्या मनास लागून राहिले. दुसऱ्या दिवशीं मीं आमच्या संगणकाच्या शिक्षकांना सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “संपूर्ण आज्ञावली एकदम तपासूं नकोस. तिचा एकेक भाग वेगळा काढ आणि त्याला प्रश्न विचार.” या रीतीस युनिट टेस्टिंग, म्हणजे घटक-चांचणी, असें म्हणतात.

ज्या गांवाचें नांव १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहानें सर्वत्र झालें, त्या गांवच्या मुलाला ही रीत समजण्यास अडचण पडूं नये. मिठागरांत समुद्राचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत असें पुढें पुढें जातें व उन्हानें दाट होत जातें. बोमे यांच्या मापकावर समुद्राचें पाणी सुमारें ३ अंश भरतें. २५ अंशांच्या आसपास मीठ धरूं लागतें. आणि पाणी ३० अंशांपर्यंत दाटूं दिलें, तर मिठांत कडवट क्षार मिसळूं लागतात. शेवटच्या वाफ्यांतील मीठ बिघडलें, तर केवळ तें चाखून दोष कोणत्या वाफ्यांत आहे हें कळत नाहीं. वाफ्या-वाफ्याचें पाणीच पाहिलें पाहिजे. आज्ञावलीचेंही तसेंच आहे. त्यांतही ‘सी’सारख्या भाषेंतील मजकूर कंपायलर नांवाचा भाषांतरकार आधींच यंत्राच्या भाषेंत उतरवून ठेवतो. जी वस्तु तयार होऊन हातीं येते, तिच्यांत डोकावून पाहणें सोपें नसतें. म्हणून ती बांधतांनाच चांचणीची सोय करावी लागते.

या कामासाठीं तयार साधनें आहेत. केंट बेक यांनीं स्मॉलटॉक भाषेसाठीं असें साधन प्रथम केलें. पुढें १९९७ सालीं त्यांनीं व एरिक गामा यांनीं झुरिचहून अटलांटास जाणाऱ्या विमानांत जावा भाषेकरितां ‘जेयुनिट’ लिहावयास घेतलें. त्याच वळणावर इतर भाषांसाठीं अनेक साधनें निघालीं. सी-प्लस-प्लससाठीं ‘गूगलटेस्ट’ आहे; ‘सी’साठीं ‘युनिटी’ नांवाचें एक सुटसुटीत साधन आहे. आम्ही तेंच घेतलें. त्याचा सारा संसार तीन फायलींचा. त्या आपल्या कामाच्या फोल्डरमध्यें ठेवल्या कीं मांडामांड झाली.

तरी पहिल्याच पावलास ठेंच लागली. ‘सी’च्या प्रत्येक आज्ञावलीचा आरंभ ‘मेन’ नांवाच्या फंक्शनपासून होतो. व्याजाच्या आज्ञावलीला आपलें ‘मेन’ होतें व चांचणीलाही आपलें ‘मेन’ हवें होतें. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. लिंकरनें दोन्ही परत केल्या. तेव्हां व्याज काढणारें फंक्शन मीं निराळ्या फायलींत नेलें. प्रश्न विचारणें व उत्तर छापणें एवढेंच जुन्या फायलींत उरलें. आतां तेंच फंक्शन खऱ्या आज्ञावलीलाही जोडतां येई व चांचणीलाही. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. कांहीं भाषांत साधन आपल्या चांचण्या आपणच हुडकून काढतें. ‘युनिटी’ला मात्र प्रत्येक चांचणीचें नांव ‘रन टेस्ट’ या आज्ञेनें सांगावें लागतें. नांव सांगावयाचें राहिलें, तर ती चांचणी गैरहजर राहते आणि कोणी हांकही मारीत नाहीं.

मग प्रश्नपत्रिका काढली. उत्तरें मात्र आईनें वहींत हातानें काढून दिलीं, आणि हेंच महत्त्वाचें आहे. आज्ञावलीचें उत्तर आज्ञावलीलाच विचारून घेतलें, तर ती कधींच नापास होणार नाहीं. दहा हजारांचें महिन्याचें व्याज ९८ रुपये ६३ पैसे: उत्तीर्ण. ५९,६५२ रुपयांचें ५८८ रुपये ३४ पैसे: उत्तीर्ण. त्यांत एकच रुपया वाढविला, आणि नापास! साठ हजारांच्या चांचणीपुढें पडद्यावर अपेक्षित ५९१७८ पैसे व मिळालेले उणें ५८४९२ पैसे हे दोन्ही आंकडे ओळीच्या क्रमांकासह उमटले. दोषाची जागा जणूं बोट ठेवून दाखविली गेली.

कारण उकलण्यास आतां वेळ लागला नाहीं. आज्ञावली पैशांत मोजीत असे. साठ हजार रुपयांचे साठ लक्ष पैसे. त्यांना बारांनीं व तिसांनीं गुणलें कीं २,१६,००,००,००० होतात. ‘इंट’ या प्रकारच्या संख्येला आमच्या संगणकावर ३२ बिटांची जागा मिळते, व तींत २,१४,७४,८३,६४७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. भरलेलें माप सांडलें, आणि आंकडा उलटून उणा झाला. मीं त्या ठिकाणीं ६४ बिटांची ‘लाँग लाँग’ संख्या योजिली. सर्व चांचण्या उत्तीर्ण झाल्या. आईची शंकाही खोटी नव्हती. जुन्या आज्ञावलीला एक लाख वीस हजारांचें व्याज विचारून पाहिलें, तर तिनें अवघे ६ रुपये ८५ पैसे सांगितलें. खरें व्याज १,१८३ रुपये ५६ पैसे! येथें उणें चिन्हही नव्हतें, कीं पाहणाऱ्यानें सावध व्हावें.

असला दोष आमच्या वाडीपुरताच आहे असें कोणी समजूं नये. ४ जून १९९६ रोजीं युरोपचें एरियान-५ हें अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें ४० सेकंदांत नष्ट झालें. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेंत कोंबतांना ती मावली नाहीं, हें त्याचें मूळ. तो मजकूर एरियान-४ मध्यें बिनतक्रार चालला होता. नव्या अग्निबाणाचा वेग अधिक, म्हणून आंकडेही मोठे. दहा हजारांना जें चाललें तें साठ हजारांना चाललें नाहीं, तोच हा प्रकार.

चांचणी सर्व कांहीं करते असें मात्र नाहीं. चांचण्यांनीं दोष आहे हें दाखवितां येतें, दोष नाहीं हें सिद्ध करतां येत नाहीं, असा इशारा एड्स्गर डायक्स्ट्रा या डच पंडितानें सुमारें पन्नास वर्षांपूर्वींच देऊन ठेवला आहे. जो प्रश्न आपण विचारलाच नाहीं, त्याचें उत्तर चांचणी देत नाहीं. म्हणून सीमेवरचे प्रश्न विचारावे: शून्य रुपये, एक दिवस, सर्वांत मोठें कर्ज. आणि एकदां लिहिलेली चांचणी टाकून देऊं नये. पुढें कोणी त्या आज्ञावलींत फेरफार केला, तर जुने प्रश्न तिला पुन्हां एका क्षणांत विचारतां येतात.

काकींनीं आपलें ५९१ रुपये ७८ पैसे व्याज चोख भरलें. गटानेंही तें विश्वासानें घेतलें. विद्यार्थिमित्रहो, परीक्षा ही कोणाची मान खालीं घालण्यासाठीं नसते. ज्यांना आपल्या उत्तरावर विसंबून राहावयाचें आहे, त्यांच्यासाठीं ती असते. आज्ञावलीला हें कळत नाहीं, आपणांस कळावें.